मायलिनची दुरुस्ती आणि वार्धक्य

चेतापेशीच्या लांब तंतूभोवती, म्हणजे अक्षतंतूभोवती, मेदयुक्त पटलांचे जे वेष्टन असते त्याला मायलिन म्हणतात. त्याच्यामुळे संदेश वेष्टनातील एका फटीवरून पुढच्या फटीवर उड्या घेत जातो आणि सेकंदाला जेमतेम १ मीटरऐवजी १०० मीटरपर्यंतचा वेग गाठू शकतो. मेंदूत व मज्जारज्जूत हे वेष्टन ऑलिगोडेंड्रोसाइट या साहाय्यक पेशी घडवतात, आणि अशी एकेक पेशी अनेक अक्षतंतूंना वेष्टन पुरवीत असल्याने ती नष्ट होताच ते सारे उघडे पडतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मायलिनवर हल्ला करते.

ही हानी कायमचीच असते असे नाही. प्रौढ मांजराच्या मज्जारज्जूत नवे मायलिन तयार होते, हे बंज दांपत्य व हान्स रिस यांनी १९६१ साली दाखवून दिले. नवे वेष्टन मूळच्यापेक्षा पातळ असले तरी संदेशवहन पूर्ववत करू शकते. हे काम प्रामुख्याने ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वज पेशी करतात. प्रौढ मेंदूतील सुमारे ५ ते ८ टक्के पेशी या प्रकारच्या असून इजा होताच त्या विभागतात, त्या जागी सरकतात आणि परिपक्व होतात.

गाडे अडते ते बहुधा या शेवटच्या टप्प्यावर, कारण मल्टिपल स्क्लेरोसिसच्या अनेक जुन्या व्रणांत पूर्वज पेशी हजर असूनही अपरिपक्वच राहिलेल्या आढळतात. मायलिनचे तुटके अवशेष त्यांच्या परिपक्वतेला अडथळा करतात. ते गिळून टाकणाऱ्या मायक्रोग्लिया या भक्षक पेशी वयोमानाने मंदावतात, आणि मायलिनमधील विपुल कोलेस्टेरॉलचा निचरा त्यांना जमेनासा होतो. तरुण व वृद्ध उंदरांचे रक्ताभिसरण जोडले असता तरुण रक्तातील भक्षक पेशींनी वृद्ध उंदरातील दुरुस्तीला हातभार लावला, असे २०१२ साली दिसून आले. पूर्वज पेशीही म्हाताऱ्या होतात. मात्र वयाबरोबर मेंदूची ऊती ताठर होते आणि हा ताठरपणाच त्यांना निष्क्रिय करतो, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. दोष केवळ पेशींचा नसून परिसराचाही आहे, ही या साऱ्यातली सर्वांत आशादायक बाब म्हणावी लागेल.

औषधांची वाटचाल अजून प्राथमिक आहे. ॲलर्जीवरील क्लेमास्टिन हे जुने औषध मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ५० रुग्णांवर तपासले गेले; २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाचा विलंब २ मिलिसेकंदांहूनही कमी प्रमाणात घटला, आणि दृष्टीतील सुधारणा मात्र निर्विवादपणे सिद्ध झाली नाही.