बाराव्या गड्याची झोप

टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशन या गावात अमेरिकन फुटबॉलचा शनिवार शुक्रवारी मध्यरात्रीच सुरू होतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा सामना घरच्या मैदानावर असला, की आदल्या रात्री बाराला आजी-माजी विद्यार्थी हजारोंनी काइल फील्ड स्टेडियममध्ये जमतात. विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले पाच ‘येल लीडर’ हातवारे करून खुणा देतात आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकलेली गर्दी एका सुरात घोषणा देते. प्रतिस्पर्ध्यांची टर उडवणाऱ्या गोष्टी होतात, शेवटी दिवे घालवतात. हा ‘मिडनाइट येल’. सामना कधी सकाळी अकराला असतो, कधी संध्याकाळी उशिरा. ती वेळ टीव्ही वाहिन्यांच्या सोयीने ठरते.

स्लीप ॲप्निया असलेल्या माणसाने हे सगळं करावं का? खुशाल करावं. फक्त शरीरात काय घडतं ते ठाऊक हवं, म्हणजे कुठे सूट घ्यायची आणि कुठे मुळीच नाही हे कळतं.

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. सगळ्यांचेच पडतात, पण ॲप्नियाच्या रुग्णाची श्वासाची वाट त्यामुळे मिटते. छाती हवा ओढत असते, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, माणूस घुसमटल्यासारखा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. श्वास किमान 10 सेकंद थांबणं किंवा बराच उथळ होणं, असे प्रकार तासाला 5 ते 15 वेळा झाले तर आजार सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 किंवा त्याहून जास्त झाले तर तीव्र मानतात. यावरचा मुख्य उपाय म्हणजे सीपॅप. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी 1980 मध्ये तो पहिल्यांदा वापरून पाहिला. हे यंत्र मास्कमधून सतत हलक्या दाबाची हवा सोडतं आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. यंत्र आजार बरा करत नाही. मास्क चेहऱ्यावर असतो तेवढाच वेळ त्याचा उपयोग.

शुक्रवारच्या रात्रीची मेख इथेच आहे. येल संपवून खोलीवर यायला एक-दीड वाजतो आणि सकाळी लवकर सामन्याआधीच्या खाण्या-पिण्याच्या तंबूत हजर व्हायचं असतं. ‘चारच तास झोपायचंय, आज राहू दे मास्क,’ हा विचार तेव्हा फार शहाणपणाचा वाटतो. प्रत्यक्षात तो उलटा आहे. आधीच तोकड्या झोपेचे तुकडे झाले तर पदरात काहीच पडत नाही. दुसरी चूक पहाटेची: तीन-चारला जाग आली की मास्क काढून उरलेली झोप तशीच घ्यायची. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्या वेळी स्नायू सर्वांत सैल असतात आणि बहुतेकांचा ॲप्निया तेव्हाच बळावतो. म्हणून झोप कितीही थोडी असो, मास्क शेवटपर्यंत हवा. दुपारच्या डुलकीलाही हवा. सामना अकराचा असेल तर माझं मत सरळ आहे: येलला जा, सकाळचं टेलगेटिंग सोडा. दोन्ही साधायला गेलं की झोपेवरच गदा येते.

टेलगेटिंग म्हणजे सामन्याआधी पार्किंगच्या मैदानात तंबू टाकून केलेलं खाणं-पिणं. टेक्सासात त्याचा मान ब्रिस्केटला. गोमांसाचा हा मोठा तुकडा मंद धुरावर दहा-बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ शिजतो. साहजिकच रात्रभर कुणीतरी भट्टीपाशी बसतं, आणि तो बसणारा घडीच्या खुर्चीत पेंगतो. ॲप्निया असलेल्याने ही जबाबदारी अंगावर घेऊ नये. मांसाला मीठ-मिरी चोळायचं काम आनंदाने घ्यावं. राखण दुसऱ्याकडे द्यावी.

बिअरचं गणित वेळेचं आहे. मद्य घशाचे स्नायू आणखी सैलावतं, शिवाय श्वास अडल्यावर मेंदूला जी जाग यायला हवी तिलाही उशीर लावतं. त्यामुळे श्वास जास्त वेळा आणि जास्त काळ थांबतो. शरीर ताशी साधारण एका पेल्याएवढंच मद्य निकालात काढू शकतं. म्हणजे दुपारच्या दोन बिअर रात्रीपर्यंत उतरलेल्या असतात, पण सामन्यानंतर विजयाची म्हणून घेतलेली बिअर थेट उशीपर्यंत सोबत येते. घ्यायचीच तर दुपारी घ्यावी, आणि झोपायच्या आधीचे तीन-चार तास कोरडे ठेवावेत. झोपेच्या गोळीशी तिची गाठ कधीच घालू नये.

मोटारघरात किंवा तंबूत मुक्काम असेल तर विजेचा प्रश्न येतो. सीपॅपमध्ये सर्वांत जास्त वीज हवा दमट करणारा भाग आणि तापणारी नळी खातात. ही दोन्ही बंद ठेवली तर योग्य ॲडॅप्टर लावून अनेक यंत्रं 12 व्होल्टच्या बॅटरीवर रात्र काढतात. घरी एकदा चालवून बघावं. जनरेटर मात्र झोपायच्या जागेपासून लांबच हवा, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि सीपॅप आजूबाजूचीच हवा आत ढकलतं. उन्हात उभ्या गाडीतही यंत्र ठेवू नये.

आता स्टेडियम. काइल फील्डमध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. विद्यार्थी मात्र बसतच नाहीत, सामना संपेपर्यंत उभे राहतात. जानेवारी 1922 मध्ये डॅलसच्या एका सामन्यात ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जायबंदी झाले, तेव्हा ई. किंग गिल हा विद्यार्थी प्रेक्षकांतून उतरला आणि गणवेश चढवून कडेला तयार उभा राहिला. खेळायची वेळ आलीच नाही. त्याच्या आठवणीत सगळे विद्यार्थी आजही ‘बारावा गडी’ म्हणून उभे राहतात.

साडेतीन-चार तास उभं राहिल्याचा झोपेशी संबंध आहे, हे बऱ्याच रुग्णांना कुणी सांगितलेलं नसतं. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर वर सरकतं, त्यातलं काही मानेभोवती साठतं आणि घसा आणखी चिंचोळा होतो. खारट ब्रिस्केट आणि चिप्स त्यात भर घालतात. सप्टेंबरच्या उन्हात पाणी तोडणं मूर्खपणाचं ठरेल. तोडायचं ते मीठ. उभ्या उभ्या टाचा उचलत राहावं, खेळ थांबला की चार पावलं चालावं, खोलीवर परतल्यावर झोपण्याआधी थोडा वेळ पाय वर घेऊन बसावं. मग उशी जरा उंच घेऊन कुशीवर झोपावं.

ओरडून घसा बसलेला असतो, कोरडाही पडतो. खोलीत वीज असेल तर त्या रात्री यंत्राचा दमटपणा वाढवावा. गालांवर संघाचा मरून रंग फासला असेल तर तो साबणाने नीट धुवावा. तेलकट कातडीवर मास्कची सिलिकॉनची कड घसरते आणि हवा रात्रभर फुसफुसत राहते.

रात्रीचा सामना अकराच्या सुमारास संपतो. ह्यूस्टन तिथून साधारण 150 किलोमीटर, डॅलस त्याच्या जवळजवळ दुप्पट. या दोन्ही शहरांत मराठी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांतली मुलं ए अँड एमला शिकतात, म्हणून हे ठासून सांगतो: आदल्या रात्रीचं जागरण असेल तर ॲप्नियाच्या रुग्णाने परतीची गाडी चालवू नये. कॉफीने डोळे उघडे राहतात, पण झोपेची थकबाकी फिटत नाही. पुण्या-नाशिकहून आलेल्या आईवडिलांना सामना दाखवायचा असेल तर त्यांचं यंत्र बेलाशक आणावं. बहुतेक यंत्रं 100 ते 240 व्होल्टवर चालतात, फक्त पिन बदलावी लागते. विमानात ते सुटकेसमध्ये न टाकता हातात ठेवावं आणि टाकीत डिस्टिल्ड पाणीच भरावं.

आणि एक विनंती. सामन्याच्या रात्री चार-पाच जण एका खोलीत झोपतात. त्यांतला एखादा जोरात घोरतो, मधेच गप्प होतो आणि मग घुसमटून श्वास घेतो, असं दिसलं तर सकाळी त्याची चेष्टा करून विषय संपवू नका. काय ऐकलं ते त्याला सांगा आणि डॉक्टरकडे पाठवा. झोपेतल्या श्वासाची चाचणी आता अनेकांना घरच्या बिछान्यातही करता येते.