पडद्यावरील खिडक्यांच्या सावल्या

चित्रकलेच्या तासाला आपण घागरीचें चित्र काढतों, तेव्हां शिक्षक हटकून विचारतात, "सावली कोठें आहे?" सावलीवांचून घागर जमिनीवर टेकलेली दिसत नाहीं, ती अधांतरीं तरंगते. संगणकाच्या पडद्यावरील विंडोंची, म्हणजे खिडक्यांची, गोष्ट हीच आहे. कोणती खिडकी वर व कोणती खालीं, हें डोळ्यांस चटकन् कळावें म्हणून त्यांच्या कडेनें मंद सावली रंगविलेली असते. ही सावली बिघडते कां व ती दुरुस्त कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम ही सावली पाडतो कोण, हें पाहूं. पूर्वीं प्रत्येक प्रोग्रॅम आपली खिडकी थेट पडद्यावरच रंगवीत असे. नव्या पद्धतींत तो ती संगणकाच्या स्मृतींतील एका निराळ्या कागदावर रंगवितो, आणि हे सारे कागद एकावर एक ठेवून अखेरचें चित्र जुळविण्याचें काम 'कॉंपोझिटर' नांवाचा दुसराच प्रोग्रॅम करितो. अर्धपारदर्शक चित्रें एकमेकांवर कशीं ठेवावीं, याचें गणित थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनीं १९८४ सालीं मांडलें. मॅक ओएस टेनमध्यें २००१ सालीं व विंडोज व्हिस्टामध्यें २००७ सालीं ही पद्धत सामान्य माणसाच्या मेजावर येऊन पोंचली. लिनक्सवरील 'पिकॉम' हा असाच एक कॉंपोझिटर होय. खिडक्यांच्या जागा ठरविणारा विंडो मॅनेजर व कॉंपोझिटर हे कांहीं ठिकाणीं एकच असतात. हलक्या लिनक्स व्यवस्थांत ते बहुधा वेगळे असतात.

सावलीची कृति सोपी आहे. कॉंपोझिटर खिडकीचा आकार घेतो, तो काळ्या रंगानें भरतो, त्याच्या कडा पुसट करितो, किंचित् बाजूला सरकवितो आणि खिडकीच्या खालीं ठेवितो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सावली खिडकीची खरी, परंतु ती पडते खिडकीच्या हद्दीबाहेर. सावलीचे बहुतेक दोष या हद्दीच्या घोटाळ्यांतूनच उत्पन्न होतात. त्यांपैकीं तीन मुख्य दोष पुढें सांगतों.

पहिला दोष असा कीं, खिडकी ओढून दुसरीकडे नेली असतां मागें करड्या रेघा उरतात. पाटीवरचें चित्र आपण त्याच्या रेषेपर्यंतच पुसलें, तर भोंवतालची खडूची भुकटी तशीच राहते. तसाच हा प्रकार. श्रम वांचावे म्हणून कॉंपोझिटर प्रत्येक वेळीं सारा पडदा रंगवीत नाहीं. जो भाग बदलला तेवढाच रंगवितो. समजा, खिडकी ६०० ठिपके रुंद व ४०० ठिपके उंच आहे आणि तिची सावली चारही बाजूंस २० ठिपके पसरली आहे. तर बदललेला भाग ६०० गुणिले ४०० नसून ६४० गुणिले ४४० आहे. हिशेबांत सावली विसरली, तर ४१,६०० ठिपके रंगविल्यावांचून राहतात. यावरील खरा उपाय प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातीं आहे: बदललेल्या भागाची हद्द त्यानें सावलीइतकी वाढवावी. वापरणाऱ्यास परीक्षा मात्र करितां येते. पिकॉमच्या सेटिंगच्या फाइलींत 'यूज-डॅमेज' हा पर्याय बंद केला म्हणजे दर वेळीं सारा पडदा रंगविला जातो. मग रेघा नाहींशा झाल्या, तर दोष या हिशेबांतच असावा असें समजावें, आणि नवी आवृत्ति घ्यावी अथवा कर्त्यांस सविस्तर कळवावें.

दुसरा दोष दुहेरी सावलीचा. जीटीके पद्धतीचे कित्येक प्रोग्रॅम आपली सावली स्वतःच, आपल्याच कागदाच्या पारदर्शक समासांत, रंगवितात. कॉंपोझिटर समासासह सर्व कागद म्हणजेच खिडकी असें समजून त्याभोंवतीं दुसरी सावली पाडतो. मग खिडकीपासून सुटलेली एक काळसर चौकट दिसूं लागते. असे प्रोग्रॅम आपल्या समासाची रुंदी 'जीटीके फ्रेम एक्स्टेंट्स' या नांवानें जाहीर करितात. ज्या खिडकीवर ही खूण आहे तिला सावली देऊं नये, असें पिकॉमच्या 'शॅडो-एक्सक्लूड' यादींत लिहावें. नव्या आवृत्तींत तेंच 'रूल्स' या सदरांत लिहितां येतें.

तिसरा दोष अर्धपारदर्शक खिडकीचा. तिच्या पोटाखालची सावली तिच्यांतूनच दिसते व आंतील मजकूर काळवंडतो. येथें सावलीमधून खिडकीएवढा भाग कापून टाकणें हा उपाय. पिकॉमचा पूर्वज 'कॉम्प्टन' यांत त्यासाठीं 'क्लिअर-शॅडो' हा निराळा पर्याय होता; पिकॉममध्यें ही काळजी आपोआप घेतली जाते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सावल्याच बंद कराव्या! मीही एकदां तसेंच केलें. घरच्या जुन्या संगणकावर रेघा दिसूं लागतांच मीं सर्व सावल्या बंद केल्या. पडदा स्वच्छ झाला खरा. पण माझ्या वडिलांची दृष्टि अधू आहे. दुसऱ्या दिवशीं ते पत्र लिहावयास बसले, तों दोन पांढऱ्या खिडक्यांतील पुढची कोणती, हें त्यांस कळेना. अर्धें पत्र महिन्याच्या हिशेबांत जाऊन मिसळलें, आणि तें निवडून काढण्यांत आमची संध्याकाळ गेली. ज्या सावलीला मी केवळ शोभा समजत होतों, ती त्यांच्या डोळ्यांची काठी होती.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, दोष दिसतांच ती वस्तूच काढून टाकण्याची घाई करूं नका. सावल्या क्षणभर बंद करून पाहा. काळी कड तरीही राहिली, तर ती प्रोग्रॅमची स्वतःची आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदला, आणि काय बदललें तें वहींत टिपून ठेवा. कारण सांपडलें म्हणजे उपाय बहुधा एका ओळीचा असतो. आणि ती ओळ लिहून झाली, कीं सावली पुन्हां चालू करावयास मात्र विसरूं नका.