कागदी फुलाचा उठाव

शुभेच्छापत्रावर बसवायचे थरांचे कागदी फूल म्हणजे एकाच घाटाच्या, पण उतरत्या मापाच्या तीन-चार पाकळीदार चकत्या एकावर एक चिकटवून केलेले फूल. कागदाचे थर देऊन फुले साकारण्याची हौस जुनीच. इंग्लंडमधल्या मेरी डिलेनी यांनी सत्तरी ओलांडल्यावर, 1772 च्या सुमारास, रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर डकवून वनस्पतींची चित्रे करायला घेतली. पुढच्या दहा वर्षांत ती जवळजवळ हजार झाली; आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. डिलेनीबाईंची फुले सपाट होती. कार्डावरच्या फुलाला मात्र उठाव हवा असतो, आणि नुसते थर वाढवून तो येत नाही.

सगळा खेळ कागदाचा आहे. त्याची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो यावर सांगतात. झेरॉक्सचा कागद 70 ते 80 जीएसएमचा. डिंक लागताच त्याची पाकळी मान टाकते. कार्डासाठी लागणारा 250 ते 300 जीएसएमचा कागद वळवायला जावे तर मोडतो. फुलाला 120 ते 160 जीएसएम सोयीचा. यंत्रावरच्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने बसलेले असतात. त्या दिशेला समांतर कागद सहज वळतो, आडवा वळवला तर अडतो. त्यामुळे एकाच चकतीच्या दोन पाकळ्या छान वळतात आणि शेजारच्या ताठ राहतात. नवशिक्याला वाटते, आपलाच हात बसलेला नाही. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून साच्यावर उचललेल्या हातकागदात तंतू सगळीकडे पसरतात, म्हणून सर्व पाकळ्या सारख्याच वळतात. पुण्यात शिवाजीनगरला 1940 पासून हातकागद संस्था असा कागद बनवते. त्यातला पातळ कागद निवडावा.

5, 4, 3 आणि 2 सेंटिमीटरचे चौरस कापावेत. प्रत्येकाची आधी दोनदा चौकोनी, मग एकदा तिरपी घडी घातली की आठ पदरी त्रिकोण होतो. त्याची मोकळी बाजू गोलसर कापून उलगडल्यावर आठ पाकळ्या दिसतात. घड्यांच्या रेषांवरून आत कापत जावे, पण मधे पाच-सहा मिलिमीटर जागा शाबूत ठेवावी. बाजारात यासाठी तयार पंच मिळतात. कार्डे डझनावारी करायची असतील तरच ते घ्यावेत.

उठाव येतो तो पाकळी दाबण्यातून. चकती जुन्या माउसपॅडवर उलटी ठेवावी आणि विणकामाच्या सुईच्या गोल डोक्याने पाकळी टोकाकडून मध्याकडे हलकेच घोटावी. दोन-तीन हातांत तिला खोलगटपणा येतो. चकती सुलटी करून मध्यभागी एकदा दाबले, की सगळ्या पाकळ्या मिळून वर उचलल्या जातात. खालची चकती कमी आणि वरची जास्त घोटावी, कारण उमलत्या फुलात आतल्या पाकळ्या अधिक मिटलेल्या असतात.

चिकटवताना फेव्हिकॉलचा ठिपका टूथपिकने फक्त मध्यभागी द्यावा. पाकळीपर्यंत गेलेला ओलावा कागद फुगवतो आणि घोटलेला बाक जातो. वरची चकती अर्धी पाकळी फिरवून बसवावी, म्हणजे तिची पाकळी खालच्या दोहोंच्या फटीवर येते. खालच्या दोन थरांत फोम टेपचा छोटा तुकडा घातला तर मधे सावली पडते, आणि फूल लांबूनही भरीव दिसते. मधोमध झालर कापून गुंडाळलेली पिवळी पट्टी पुरते. चमकीचा मोह टाळलेलाच बरा. ती ही सावलीच मारून टाकते.

उभ्या राहणाऱ्या कार्डावर फूल खालच्या कोपऱ्याकडे लावावे. वर लावले तर वजनाने कार्ड पुढे कलंडते. टपालाने पाठवायचे असेल तर फोम टेप वगळून दोनच थर द्यावेत, नाहीतर कार्ड पुठ्ठ्याच्या उथळ खोक्यात घालावे. साध्या पाकिटावर शिक्का बसला की आतले फूल चेपलेच.