पोलादी मेख

पोलादी मेख म्हणजे तंबू, मांडव, छपरी, जाळी किंवा कुंपण जमिनीशी घट्ट बांधून ठेवण्यासाठी जमिनीत ठोकला जाणारा टोकदार लोखंडी वा पोलादी गज होय. मेख हा शब्द फारसीतून मराठीत आला आहे. लाकडी मेखेला बोलीभाषेत खुंटी वा खुंटा असेही म्हणतात. पायाचे बांधकाम न करता उभारलेल्या रचनेवर वाऱ्याचा किंवा जनावराच्या ओढीचा जो भार येतो, तो दोरीवाटे मेखेकडे व मेखेतून मातीकडे जातो. त्यामुळे मेखेची पकड गजाच्या जाडीइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, सभोवतालच्या मातीवर, ठोकण्याच्या खोलीवर आणि दोरीच्या कोनावर अवलंबून असते. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या सीमेवरील माणदेशात, विशेषतः म्हसवड परिसरात, पशुपालन व तात्पुरत्या निवाऱ्यांमुळे मेखेचा वापर विविध प्रकारे होतो.

पार्श्वभूमी

मराठेशाहीत तंबू, राहुट्या, कनाती व बिछायती यांची व्यवस्था फरासखान्याकडे असे. तंबूच्या खांबापासून मेखेपर्यंत ताणलेल्या दोरीला तणावा म्हणतात. मेख हलली की तणावा सैल पडतो व एका बाजूचा भार उरलेल्या मेखांवर जातो. ‘मेख मारणे’ आणि ‘यातली मेख अशी की’ हे वाक्प्रचार याच वस्तूवरून रूढ झाले आहेत.

जमिनीत पिळून बसवायच्या मळसूत्री खांबाचे एकस्व आयर्लंडमधील अभियंते अलेक्झांडर मिचेल यांनी १८३३ मध्ये घेतले. समुद्रकाठच्या मऊ वाळूत दीपगृहे उभारण्यासाठी त्याचा उपयोग झाला. आजची मळसूत्री मेख हे त्याच तत्त्वाचे लहान रूप आहे.

माणदेशातील उपयोग

म्हसवड हे सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील गाव माणगंगा नदीच्या काठी वसले आहे. हा भाग पर्जन्यछायेत येत असल्याने येथे शेतीला पशुपालनाची जोड असते. खिलार गोवंशाचा एक प्रकार म्हसवड खिलार या नावानेच ओळखला जातो. बाजारात, यात्रेत वा शेतात बैल व खोंड दाव्याने मेखेला बांधतात. जनावराची ओढ वाऱ्याप्रमाणे एका दिशेने येत नाही. ते मेखेभोवती फिरते, हिसके देते आणि मेखेभोवतीची माती हळूहळू मोकळी करते. म्हणून दाव्याची गाठ मेखेच्या माथ्याशी न मारता जमिनीलगत मारतात. गाठ जितकी वर, तितकी तरफेच्या तत्त्वाने मेख आडवी होण्याची शक्यता अधिक.

मेंढपाळ धनगर रात्री मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळीचे फिरते कुंपण, उभारतात. शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवून त्याला खत मिळते व मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. मुक्काम हलला की वाघर उपटून पुढच्या रानात न्यावी लागते. त्यामुळे तिच्या खुंट्या सहज ठोकता व काढता आल्या पाहिजेत, पण रात्री लांडगा आल्यास बिथरलेल्या कळपाच्या रेट्याने त्या पडता कामा नयेत.

दुष्काळात उभ्या राहणाऱ्या चारा छावण्यांमध्ये मेखेचे महत्त्व अधिक जाणवते. २०१२-१३ आणि २०१९ च्या दुष्काळांत माणदेशी फाउंडेशन या संस्थेने म्हसवड येथे चारा छावणी चालवली. अशा छावण्यांत हजारो जनावरे आणि त्यांच्यासोबत शेतकरी कुटुंबे अनेक महिने राहतात. निवारा खांब, ताडपत्री व शेडनेटचा असतो. उन्हाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या वळवाच्या वादळात पाऊस पडण्यापूर्वीच जोराचा वारा सुटतो. त्या वेळी मेख उपटली तर छप्पर उडते, खांब कोसळतात आणि खाली बांधलेल्या जनावरांना सुटून जाता येत नाही.

वाऱ्याचा भार

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागातील सूत्रानुसार सेकंदाला मीटरमध्ये मोजलेल्या वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले असता दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६ किलोग्रॅम भाराइतका होतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर झाला की तो सुमारे २४ किलोग्रॅमवर जातो. याच मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. तो ताशी सुमारे १४० किलोमीटर होतो.

ढोबळ हिशेबाने ३ मीटर रुंद व ४ मीटर लांब ताडपत्रीवर ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात सुमारे २९० किलोग्रॅमचा भार येऊ शकतो. सहा मेखांमध्ये त्याची समान वाटणी झाल्यास प्रत्येकीवर ४८ किलोग्रॅम येतील. प्रत्यक्षात वाऱ्याच्या बाजूच्या दोन-तीन मेखांवरच बहुतेक ताण पडतो. जाळीतून वारा पार जात असल्याने शेडनेट वा वाघरीवरील भार सलग ताडपत्री किंवा पत्र्यापेक्षा कमी असतो.

जमिनीचा प्रकार

माणदेशातील माळरानावर मातीचा थर पातळ असून खाली मुरूम व बेसाल्ट खडक लागतो. घट्ट मुरुमात मेख चांगली धरते, परंतु ठोकताना गज वाकू शकतो. अशा ठिकाणी आधी पहारीने भोक पाडून मग मेख ठोकतात. भोक मेखेपेक्षा रुंद झाल्यास पकड राहत नाही.

नदीकाठच्या काळ्या मातीत मेख सहज जाते. मात्र ही माती ओली झाली की फुगते व मऊ होते आणि वाळली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यात भेगेजवळ ठोकलेली मेख कमकुवत ठरते. पावसाळ्यात तीच मेख चिखलातून ओढली जाते. वाळूत बारीक गज टिकत नाही. तेथे रुंद पात्याची किंवा मळसूत्री मेख वापरतात, अथवा लाकडाचा ओंडका आडवा पुरून त्याला दोरी बांधतात.

ठोकण्याची पद्धत

मेखेचा माथा रचनेपासून किंचित दूर कललेला ठेवतात, जेणेकरून तणावा मेखेशी साधारण काटकोन करील. खांबापासून मेखेचे अंतर खांबाच्या उंचीइतके असल्यास तणावा जमिनीशी ४५ अंशांचा कोन करतो. मेख खांबाच्या फार जवळ असेल तर ओढ वरच्या दिशेने लागते व ती उपटण्याचा धोका वाढतो. मेखेचा बहुतांश भाग जमिनीत गेला पाहिजे. ती अर्धीच गेली तर वर उरलेला भाग कापणे किंवा तशीच दोरी बांधणे हा उपाय नव्हे. जागा बदलणे किंवा मेखा वाढवणे योग्य ठरते.

एक मेख अपुरी पडेल तेथे ओढीच्या रेषेत मागे दुसरी मेख ठोकून पहिलीचा माथा दुसरीच्या पायथ्याशी बांधतात. कायम तार कुंपणात कोपऱ्याच्या खांबांवर तारेचा सर्वाधिक ताण असतो, म्हणून त्यांना तिरका टेकू किंवा मागून ताण देतात व पाया काँक्रीटचा करतात. केवळ ठोकलेली मेख तेथे पुरेशी नसते.

देखभाल व सुरक्षितता

जमिनीलगतचा भाग ओल व हवा दोन्ही लागल्याने सर्वांत आधी गंजतो. जस्ताचा लेप दिलेली मेख अधिक काळ टिकते. ठोकण्यापूर्वी जमिनीखाली वीजवाहिनी किंवा पाण्याची नळी नसल्याची खात्री करणे आवश्यक असते. घणाचे घाव बसून माथा फुलला की त्याचे कपचे उडू शकतात, म्हणून डोळ्यांना संरक्षण लागते. वर राहिलेल्या टोकावर टोपण घातल्यास माणसांच्या व जनावरांच्या पायांना इजा होत नाही. प्रत्येक वादळानंतर व मोठ्या पावसानंतर मेखा हलवून पाहणे, सैल झालेली मेख त्याच भोकात पुन्हा न ठोकता शेजारच्या घट्ट जागी ठोकणे आणि मुक्काम हलवताना खड्डे बुजवणे, ही देखभालीची आवश्यक कामे आहेत.