स्वखर्चाचे पुस्तक आणि आतली पाने

चिमूर, प्रतिनिधी

चिमूर म्हटले की १६ ऑगस्ट १९४२ हा दिवस आठवतो. नागपंचमीच्या त्या दिवशी या गावाने ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव केला, पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हुतात्मा झाले आणि पुढे लष्कराने गावावर केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. ठळक घटना इतिहासाच्या ग्रंथांत आल्या. मात्र कोणत्या घरातील कोण तुरुंगात गेले, मागे राहिलेल्या घरांनी ते दिवस कसे काढले, हा तपशील घराघरांतील आठवणींतच राहतो. त्या आठवणी कागदावर यायच्या, तर बहुधा स्वखर्चाने काढलेल्या एखाद्या छोट्या पुस्तकातूनच येणार. मोठा प्रकाशक तीनशे प्रतींच्या पुस्तकासाठी सहसा पुढे येत नाही.

असे पुस्तक काढणारा लेखक पदरची पुंजी घालतो आणि त्याचे लक्ष मुखपृष्ठावर असते. आतली पाने डीटीपी करणाऱ्यावर सोपवली जातात. वस्तुतः पुस्तक वाचले जाईल की नाही आणि वीस वर्षांनी त्याचा संदर्भ म्हणून उपयोग होईल की नाही, हे आतल्या पानांवरच ठरते.

‘ग्रामगीते’चा धडा

याचे उत्तम उदाहरण याच परिसराशी जोडलेले आहे. चिमूर तालुक्यातील गोंदेडा ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची तपोभूमी. त्यांची ‘ग्रामगीता’ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली ती कोणा व्यावसायिक प्रकाशकाकडून नव्हे, तर गुरुकुंज मोझरीच्या त्यांच्याच संस्थेकडून. ग्रंथाचे ४१ अध्याय आणि प्रत्येक ओवीला क्रमांक. आवृत्ती कोणतीही असो, अध्याय व ओवी सांगितली की सर्वांना एकाच वेळी तीच ओळ सापडते. सामुदायिक वाचनाच्या ग्रंथाला हवी तीच ही मांडणी आहे. पुस्तक कोण आणि कसे वापरणार, हा प्रश्न मांडणी करताना आधी विचारायचा असतो.

मुंबईतही कवींनी स्वतःच्या बळावर असा प्रयोग केला. अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गिव्ह पटेल यांनी ‘क्लिअरिंग हाउस’ ही कवींची सहकारी प्रकाशन संस्था चालवली. कोलटकरांचे ‘जेजुरी’ १९७६ मध्ये तेथूनच निघाले. जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेल्या कोलटकरांनी या पुस्तकांची मांडणी जातीने पाहिली. कवितेभोवतीची मोकळी जागा हाही पुस्तकाचाच भाग आहे, हे त्यांनी ओळखले होते.

पानाचे गणित

स्वखर्चाच्या पुस्तकांत डेमी आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, सोयीचा ठरतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार व जोडाक्षरे येतात. म्हणून रोमन लिपीपेक्षा दोन ओळींत अधिक अंतर लागते. साडेबारा पॉइंटच्या अक्षराला ओळींचे अंतर साडेसतरा पॉइंटच्या आसपास ठेवावे. शिलाईच्या बाजूचा समास २० मिलिमीटर असावा. तो कमी पडला, तर वाचकाला पुस्तक दाबून उघडावे लागते आणि बांधणी सुटते.

या मापाने पानावर सुमारे २८ ओळी आणि २८० शब्द बसतात. चाळीस हजार शब्दांच्या मजकुराला १४३ पाने लागतात. शीर्षकपान, मनोगत आणि अनुक्रमणिकेची बारा पाने धरली, तर १५५ होतात. छपाई सोळा पानांच्या फर्म्यात होते. म्हणजे दहा फर्मे, १६० पाने. तोच मजकूर पानाला ३४ ओळी आणि ४०० शब्द अशा दाटीने कोंबला, तर सात फर्म्यांत, ११२ पानांत बसतो. वाचतात ते तीन फर्मे, म्हणजे प्रत्येक प्रतीमागे २४ कागद. या बचतीची किंमत मात्र वाचकाच्या डोळ्यांना मोजावी लागते. १९४२ च्या आठवणींचे पुस्तक हाती घेणारा वाचक बहुधा साठीच्या पुढचा असतो, हे विसरून चालणार नाही.

दोन्ही कडा सरळ केलेल्या ओळींची वेगळी अडचण आहे. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून येतात. ‘स्वातंत्र्यसैनिकांसाठीच्या’ असा शब्द ओळीच्या अखेरीस मावला नाही, की तो खाली जातो आणि वरच्या ओळीत शब्दांमधली अंतरे फाकतात. अशा ठिकाणी शब्द योग्य जागी तोडावा किंवा उजवी कड मोकळी सोडावी.

अक्षर आणि बोली

जुन्या संगणकांवर टंकलेला मजकूर बहुधा त्या त्या कंपनीच्या सांकेतिक अक्षरसंचात असतो. तो अक्षरसंच नसेल, तर पडद्यावर अगम्य चिन्हे उमटतात. युनिकोडमध्ये बदलताना अर्धी अक्षरे व रफार हमखास बिघडतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधली खोल जागा. एका चिन्हाच्या घोळाने अर्थच पालटतो. म्हणून नवा मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. इनडिझाइन वापरताना भारतीय लिप्यांसाठीचा ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला आहे ना, हे तपासावे. अन्यथा जोडाक्षरे तुटतात. अक्षरसंच निवडताना पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठी वळणे पाहावीत. राज्य शासनानेही नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात त्यांनाच मान्यता दिली. ‘मुक्ता’ आणि ‘तिरो देवनागरी मराठी’ हे अक्षरसंच विनामूल्य मिळतात. त्यांपैकी दुसरा पुस्तकाच्या सलग मजकुरासाठी अधिक साजेसा आहे.

या भागातील पुस्तकांना आणखी एक धोका असतो. झाडीबोलीत ‘पाणी’ नसते, ‘पानी’ असते. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा असा शब्द मुद्रितशोधक किंवा संगणक चूक समजून ‘सुधारतो’ आणि बोलणाऱ्याचा आवाज पुसला जातो. बोलीतील शब्दांची यादी आधीच करून ती अक्षरजुळणी करणाऱ्याच्या हाती द्यावी. बोलीतील उतारे थोड्या आत सरकवून छापले, तर हे जसेच्या तसे ठेवायचे आहे, हे सर्वांना कळते.

शेवटची पाने

गावाच्या इतिहासाच्या पुस्तकात सर्वाधिक उपेक्षा होते ती नामसूचीची. सगळी पाने पक्की झाल्यावर, पृष्ठांक हलणार नाहीत अशी खात्री पटल्यावरच ती करायची असते. नेमकी तेव्हा छपाईची घाई सुरू होते आणि सूची राहून जाते. वस्तुतः असे पुस्तक हाती आल्यावर अनेक जण आधी आजोबांचे नाव शोधतात. छायाचित्राखाली डावीकडून उजवीकडे नावे देणेही तितकेच आवश्यक आहे. ते चेहरे ओळखणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

छपाईला जाण्यापूर्वी चार पाने प्रत्यक्ष आकारात, त्याच कागदावर काढून एखाद्या वयस्क वाचकाला दिवसाच्या उजेडात वाचायला द्यावीत. तो जिथे अडखळेल, तिथे मांडणी चुकली असे समजावे. आयएसबीएन क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना प्रत धाडायची असते, आणि हा नियम स्वतःच प्रकाशक झालेल्या लेखकालाही लागू आहे. तीनशे प्रती सोयऱ्याधायऱ्यांत वाटून संपतील. पुढच्या पिढीतील अभ्यासकाला कदाचित ग्रंथालयातली ती एकच प्रत मिळेल. तिच्यातली अक्षरे त्याला सुखाने वाचता यावीत आणि हवे ते नाव सापडावे, एवढी तजवीज लेखकाने छपाईपूर्वीच करायला हवी.