गुणपत्रिकेवरील एक आणि दहा

पेडण्याच्या वा डिचोलीच्या एखाद्या घरातील मुलगा उच्च शिक्षणास जर्मनीस जातो आणि पहिल्या परीक्षेचा निकाल कळवितो, "बाबा, मला १.३ मिळाले." वडिलांचा चेहरा उतरतो. येथे दहापैकी आठ मिळविणारा मुलगा एकावर कसा आला? परंतु जर्मनीत १.० ही सर्वोच्च श्रेणी होय. ४.० पर्यंत उत्तीर्ण, ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. ज्या अंकाने घरात चिंता शिरली, तो वस्तुतः पेढे वाटण्याजोगा होता!

मापे बदलतात याचे नवल आम्हां गोमंतकीयांस तरी वाटू नये. पोर्तुगीज अमदानीत पणजीच्या लिसेवात वीसपैकी गुण मिळत. १९६१ च्या मुक्तीनंतर निघालेली महाविद्यालये मुंबई विद्यापीठास जोडली गेली व शंभरांचे माप आले. १९८५ साली गोवा विद्यापीठ सुरू झाले. आज तेथे दहा अंकांची श्रेणी चालते. आजोबांचे चौदा, वडिलांचे सत्तर, नातवाचे आठ : एकाच घरात तीन मापे नांदली.

मग जर्मन विद्यापीठे आमचे गुण कसे वाचतात? बहुधा 'सुधारित बव्हेरियन सूत्रा'ने. सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करावे. बाकीस सर्वोच्च व किमान उत्तीर्ण गुणांमधील अंतराने भागावे. भागाकाराची तिप्पट करून त्यात एक मिळवावा. शंभरांत सत्तर गुण असून उत्तीर्णतेस चाळीस लागत असतील, तर उत्तर २.५ येते. उत्तीर्णतेस पन्नास धरले, तर त्याच सत्तरांचे २.८ होतात. विद्यार्थी तोच, श्रमही तेच. परंतु अनेक अभ्यासक्रमांची प्रवेशमर्यादा २.५ असल्याने एक दार उघडते, दुसरे मिटते. म्हणून किमान उत्तीर्ण गुण किती, हे स्पष्ट सांगणारे पत्र आपल्या विद्यापीठाकडून अवश्य घ्यावे.

पदवीच्या मान्यतेचा प्रश्न याहून वेगळा. परदेशी विद्यापीठांची नोंद जर्मनीच्या 'अनाबिन' या सूचीत असते. मान्य संस्थेपुढे 'एच अधिक' अशी खूण असते. सांखळी वा विर्नोड्याच्या महाविद्यालयात शिकलेल्यांनी मनात कमीपणा धरू नये. त्यांची पदवी गोवा विद्यापीठाची असते. सूचीत तेच नाव पाहावे. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांस 'ए. पी. एस.' या कार्यालयाकडून कागदपत्रे तपासून घ्यावी लागतात. ही सूची व हे नियम कोणासही स्वतः वाचता येतात. त्यासाठी मध्यस्थाच्या हाती कर्जाचे पैसे देण्याची घाई करू नये.

जर्मन पदवी घेऊन परतणाऱ्यासही समकक्षता सिद्ध करावी लागते. ते काम पूर्वापार भारतीय विद्यापीठ संघ करी. २०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगानेही त्याविषयी नियम केले आहेत. तेव्हा परतणाऱ्याने गुणपत्रिकेबरोबर श्रेणींचा अर्थ सांगणारा तक्ताही जपून आणावा, म्हणजे येथे कोणी १.३ पाहून नाक मुरडणार नाही.

डॉ. राममनोहर लोहिया बर्लिनमध्ये डॉक्टरेटसाठी शिकले आणि १८ जून १९४६ रोजी मडगावात स्वातंत्र्यासाठी उभे राहिले. त्या दिवशी त्यांची श्रेणी कोणी विचारली नाही. आईबापांनो, मुलाचा आकडा ऐकताच त्याला बोल लावू नका. आधी माप कोणते, ते विचारा.