गर्दीची खानावळ की रिकामी?

नांदेडहून लातूरकडे जाताना विष्णुपुरी लागते. समजा, तुमची सहलीची गाडी पुढे भुकेच्या वेळी थांबली. समोर दोन खानावळी. एकीत बसायला जागा नाही. दुसरीत पंखा एकटाच फिरतो आहे. कोठे जाल?

दोन्हीकडे सकाळी ६० ताटांचा भात एकदाच शिजवला असे धरू. पहिलीत तासाला ३० ताटे जातात, म्हणजे पातेले दोन तासांत रिकामे. दुसरीत तासाला ५. तेथे शेवटच्या गिऱ्हाइकाच्या पानात १२ तासांचा भात! साठा भागिले खप. विष्णुपुरीच्या जलाशयातील पाणी किती दिवस पुरेल, हेही ढोबळमानाने असेच काढतात. गर्दी चवीमुळे असो वा एसटी तेथेच थांबते म्हणून असो, खप तो खपच.

भातच का घेतला? बॅसिलस सीरियस या जीवाणूचे बीजाणू उकळूनही तग धरतात आणि भात कोमट झाला की रुजतात. अनुकूल उबेत जीवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात असे धरले, तर तीन तासांत एकाचे ५१२! त्यांनी भातात सोडलेले, उलट्या करविणारे विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. 'गरम करून देतो' हे आश्वासन म्हणून पोकळ.

अन्न सतत ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर ही वाढ होत नाही. तेव्हा पातेल्याखाली विस्तव आहे का, तेही पाहावे.

रिकाम्या खानावळीत मी भात घेतच नाही. तव्यावरची भाकरी आणि डोळ्यांदेखत केलेले पिठले मागतो. थांबावे लागते, एवढेच.